बास!

परवा भाच्याचा फोन आला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजात बँड काढलाय त्यांनी. चौघांपैकी तिघांना गिटारच हवी होती म्हणून चिठ्ठ्या टाकल्या, आणि याच्या नशिबी बास आला. (आमच्या जमातीत बहुतेकांची भरती अशीच होते.) "मामा, वीस हजार आहेत. कोणता बास घेऊ? आणि ॲम्प किती वॅटचा?"

फोनवर पाच मिनिटांत सांगता आलं असतं. पण मी म्हटलं, थांब, लिहून कळवतो. कारण या एका प्रश्नापायी मी पंधरा वर्षं, एक एफडी आणि मणक्यातली एक चकती घालवलेली आहे. तेव्हा मंडळी, हे उत्तर भाच्याला आहे, पण तुम्हीही वाचा. नातेवाइकांपैकी काही जणांना अजून वाटतं की मी 'ती गिटार' वाजवतो.

ज्यांना बास म्हणजे 'पुरे' एवढंच माहीत आहे त्यांच्यासाठी: बास गिटारला बहुधा चार तारा असतात, जाड, आणि मान चांगली लांब. सगळ्यात खालची तार सेकंदाला साधारण ४१ वेळा हलते. हा स्वर कानाला जितका ऐकू येतो तितकाच छातीला जाणवतो. गाणं ऐकून घरी जाताना कोणी बास गुणगुणत जात नाही. आमचे आप्पा तर प्रत्येक कार्यक्रमानंतर विचारायचे, "सगळं झकास झालं. पण तुझं वाजतं ते नक्की कुठलं रे?"

लोक हसायचे. मीही हसायचो. आतून मात्र लागायचं.

आप्पांचा दोष नव्हता. ते गिरणीत साळखात्यात होते, १९८२ च्या संपापर्यंत. शेकडो माग एका छपराखाली धडधडत असत. तिथे बोलून काही ऐकू जायचं नाही, म्हणून माणसं ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून बोलायची. संपानंतर आम्ही डोंबिवलीला आलो, आप्पांनी एका सोसायटीत वॉचमनची नोकरी धरली, आणि घरात शांतता झाल्यावर आमच्या लक्षात आलं की यांना नीटसं ऐकूच येत नाही. टीव्ही मोठा, बोलणं मोठं. आईचं अर्धं बोलणं ते तिच्या चेहऱ्यावरूनच वाचायचे. (उरलेलं अर्धं ते सोयीने वाचायचे नाहीत असं आई म्हणे.)

माझा पहिला बास १९९४ चा. देशी बनावटीचा, जुना, दोन हजार रुपयांना. त्याच्या तारा मानेपासून इतक्या उंच होत्या की खालून बोट सहज फिरावं. पहिल्या महिन्यात बोटांना फोड आले, आणि पावसाळा लागल्यावर मान वाकली. मानेच्या आत एक लोखंडी सळई असते आणि ती पान्याने पिळून मान सरळ करता येते, हे मला ठाऊकच नव्हतं. ते शिकवलं धोबीतलावच्या एका गोवेकर अंकलनी. अंकल तरुणपणी गोव्याहून येऊन गावाच्या कुडात राहिलेले, आणि सिनेमाच्या रेकॉर्डिंगला डबल बास वाजवलेले. सॅबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस ही नावं आम्ही वाचायचो, ती ते घरातल्या माणसांसारखी घ्यायचे. 'पंचम'च्या गाण्यांत टोनी वाझ यांचा बास कुठे कुठे थांबतो ते ऐक, असं सांगायचे. कुठे वाजतो नाही, कुठे थांबतो. "सळई पाव फेरा पिळायची, मग एक दिवस गप बसायचं. लाकूड आहे ते, त्याला टाइम दे, मॅन." हे मानेबद्दल होतं. माझ्याबद्दलही असावं, पण तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही.

पुढे नोकरी लागली, आणि शनिवार-रविवार ऑर्केस्ट्रा. गणपती, नवरात्र, हळदी, कॉलनीचे वर्धापनदिन. ऑर्केस्ट्रात पहिला झटका बसतो तो पट्टीचा. गायिका आयत्या वेळी म्हणते, "दादा, आज घसा बरा नाही, काळी दोन घेऊ या." कीबोर्डवाला एक बटण दाबतो आणि निवांत जुनीच बोटं वाजवतो. बासवाल्याला बटण नाही! चार तारांच्या बासवर सगळ्यात खालचा स्वर म्हणजे पांढरी तीन. काळी दोनचा खालचा सा त्याच्या एक पट्टी खाली, म्हणजे हातातच नाही. मग तो वरच्या सप्तकात वाजवायचा, आणि गाण्याचा तळ निघून गेल्यासारखं वाटायचं. म्हणून मी पाच तारांचा बास घेतला. तो होता ॲक्टिव्ह, म्हणजे आत नऊ व्होल्टची बॅटरी. केबल खोचलेली राहिली की बॅटरी संपत राहते, मग वाजवा नाहीतर नका वाजवू. मी एका दुपारी तालमीनंतर केबल तशीच ठेवली. दुसऱ्या रात्री कल्याणला भर कार्यक्रमात आवाज फाटत फाटत गेला तो गेलाच. बॅटरी शोधायला गेलेला मुलगा भेळ खाऊन परत आला.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. मला मी ऐकू येत नव्हतो. शेजारी ऑक्टोपॅड, पलीकडे ढोलकी, आणि माझा डबा फक्त तीस वॅटचा. आता यातलं शास्त्र भाच्याने नीट वाचावं. आपला कान खालच्या स्वरांना मुळात बोथट असतो, त्यामुळे बासला गिटारपेक्षा कितीतरी जास्त ताकद लागते. आणि वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट वाटत नाही. दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. तीसचे साठ करून काहीच होणार नव्हतं. मला तीनशे हवे होते.

२००३ साली मिळाले. हॉटेलात वाजवणारा एक जण मुंबई सोडून चालला होता. त्याच्याकडून डोकं आणि चार स्पीकरचं कपाट, पस्तीस हजारांना. माझ्या तेव्हाच्या चार पगारांएवढे. एफडी मोडली. ती हिच्याशी न बोलता मोडली, हे इथे पहिल्यांदाच जाहीर लिहितोय, कारण आता कायदेशीर मुदत उलटून गेली असावी. कपाट एकट्याने उचलण्यासारखं नव्हतं आणि घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. एरवी मी गिटार पाठीला लावून लोकलच्या मालडब्यातून जायचो. आता टेम्पो आला, टेम्पोचं भाडं आलं, आणि वर-खाली चढवायला वॉचमनच्या हातावर पन्नास रुपये आले.

पण काय आवाज होता! पहिल्याच कार्यक्रमाला मांडवाचे पत्रे थरथरले. मी स्वतःला असा कधी ऐकलाच नव्हता. त्या रात्री आप्पांनी नेहमीचा प्रश्न विचारला. बहुधा सवयीनेच विचारला. मी उत्तर न देता झोपलो.

पाच वर्षं ते कपाट वाहिलं. २००८ च्या गणपतीनंतर ऑर्केस्ट्राच्या मालकांनी चहाला बोलावलं. "वाईट वाटून घेऊ नकोस. कीबोर्डवाला डाव्या हाताने बास धरतो. एक माणूस कमी, एक टेम्पो कमी. परवडत नाही रे." मी म्हटलं ठीक आहे. ठीक काहीच नव्हतं. त्या काळात बऱ्याच ऑर्केस्ट्रांत बासवाले असेच गळाले, तेव्हा हे काळाचं काम आहे, असं मी सगळ्यांना सांगत फिरलो. त्याच हिवाळ्यात ॲम्प विकण्यासाठी खाली उतरवताना दुसऱ्या जिन्यावर कमरेत कळ आली. चकती सरकली. दीड महिना सक्तीची विश्रांती.

आता मुख्य गोष्ट.

उठून बसायची परवानगी मिळाल्यावर मी आप्पांच्या खोलीत, त्यांच्या पलंगाशेजारी ताठ खुर्चीत बसायचो. ॲम्प गेलेला, बास उरलेला. बिन-ॲम्पचा बास म्हणजे डास गुणगुणल्यासारखा. अंकलनी एक युक्ती सांगितली होती: गिटारचं डोकं लाकडी कपाटाला टेकव, कपाटच वाजायला लागतं. आमच्याकडची कपाटं लोखंडी. म्हणून मी ते आप्पांच्या सागवानी पलंगाच्या उशाला टेकवलं आणि जुनी गाणी वाजवू लागलो. आप्पा डोळे मिटून पडले होते. दोन मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले, हात मागे नेऊन पलंगाच्या लाकडावर ठेवला.

"हे तू वाजवतोस होय?"

मी मान हलवली. एवढ्या वर्षांनी! तीनशे वॅटनी जे झालं नाही ते शून्य वॅटनी झालं. गिरणीच्या आवाजाने कानाचे बारीक, वरचे स्वर आधी जातात, आणि जाड, खालचे त्या मानाने टिकतात, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. कार्यक्रमात सगळं मिळून त्यांना एकच गलका ऐकू येत असणार. इथे लाकडातून फक्त माझे चार स्वर येत होते.

ते बराच वेळ हात ठेवून होते. मी खूश होऊन वाजवत होतो. मग म्हणाले, "मधेच घाई करतोस."

"कुठे?"

"चांगलं चाललेलं असतं, आणि एकदम धोटा लवकर फेकल्यासारखं करतोस. माग असा चालला तर सूत तुटेल."

त्यांनी लाकडावर बोटांनी ठोका धरला. मी त्यावर वाजवून पाहिलं. खरंच, ओळ संपताना, पुढच्या ओळीत शिरायच्या आधी, मी पळत होतो. प्रत्येक वेळी. ऑक्टोपॅडवाला मला वर्षानुवर्षं "भाऊ, पळू नको" म्हणायचा आणि मी समजायचो, याला माझा आवाज सहन होत नाही.

पुढच्या वर्षी तो भेटला तेव्हा सरळ विचारलं, मला खरंच टेम्पोच्या भाड्यासाठी काढलं का? तो जरा चुळबुळला. मग म्हणाला, "भाड्याचं होतंच. पण डाव्या हाताचा बास बारीक असला तरी जागेवर असतो ना. मालकांना तुला तोंडावर सांगवेना." बासवर बाकीचे सगळे रेलतात. मी रेलायच्या जागेवरूनच सरकत होतो, आणि ती जागा मोठ्याने हलावी म्हणून पस्तीस हजार घातले होते.

त्यानंतर रोज संध्याकाळी अर्धा तास, आप्पांचा हात लाकडावर आणि माझा तारांवर. चुकलं की ते बोट उचलायचे, बोलायचे नाहीत. २०१४ साली ते गेले, त्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत हे चालू होतं. २०११ पासून मी पुन्हा कार्यक्रम करतोय, छोट्या बँडबरोबर. मालकांकडे परत गेलो नाही. त्यांनीही बोलावलं नाही.

तर भाच्या, आता तुझी यादी.

बास चार तारांचा, बॅटरीशिवायचा घे. गायकांबरोबर वाजवू लागलास की पाच तारांचं बघू. दुकानात बसून वाजव, उभा राहून वाजव. अर्ध्या तासाने खांदा दुखला तर तो बास तुझा नाही. मान डोळ्यासमोर धरून सरळ आहे का बघ. वीसातले दोन-तीन हजार मागे ठेव आणि चांगल्या कारागिराकडून तारांची उंची बसवून घे. साध्या बासची निगा नीट राखली तर तो महागड्या पण हयगय केलेल्या बासपेक्षा बरा वाजतो. तारा सपाट गुंडाळीच्या लावून बघ, आपल्या घामाच्या हवेत त्या जास्त टिकतात. अमेरिकेत मोटाउनच्या रेकॉर्डांवर वाजवणारे जेम्स जेमरसन त्या तुटेपर्यंत बदलायचे नाहीत म्हणतात. त्यांचं नावही कितीतरी वर्षं रेकॉर्डवर छापलं जात नव्हतं. १९७१ च्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या अल्बमवर ते आलं. तेव्हा नावाची घाई नको.

मोठा ॲम्प घेऊ नकोस. घरी हेडफोन. कार्यक्रमाला एक डीआय बॉक्स, वहीएवढा असतो. लांब केबलमधून आवाज खरखर न होता थेट मिक्सरला जातो, आणि हॉलच्या मोठ्या स्पीकरमधून लोकांपर्यंत. स्टेजवर तुला तू कमी ऐकू येशील. येऊ दे. कोपऱ्यात, भिंतीला चिकटून उभा राहू नकोस, तिथे खालचे स्वर फुगतात आणि आपण फार छान वाजवतोय असा गैरसमज होतो. कानात बोळे घाल, मी तुझ्या आजोबांच्या वतीने सांगतोय. मेट्रोनोम मोबाईलवर फुकट मिळतो.

आणि बास घेतलास की आधी इकडे घेऊन ये. पलंग अजून त्याच खोलीत आहे. मी लाकडावर हात ठेवून बसतो, तू वाजव.