बत्तीस महिने

आमच्या घरामागे अकरा माड आहेत. बाबा बोटीवर नोकरीला, वर्षातून दोनेक महिने घरी. तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये सुट्टीवर आले तेव्हा युरियाची गोणी घेऊनच आले आणि प्रत्येक माडाच्या अगदी बुंध्याशी ओंजळी-ओंजळीने टाकला. आजी ओट्यावरून ओरडली, "अरे, मीठ तरी घाल!" आम्ही दोघंही हसलो.

पुढच्या सुट्टीत पाहिलं तर वरच्या झावळ्या हिरव्यागार, नारळ मात्र तेवढेच. "खत म्हणजे पैसे पाण्यात," बाबा म्हणाले. खरोखरच पाण्यात गेले होते म्हणा! आमची जमीन रेताड आणि पाऊस गोव्याचा. शिवाय माडाला सोटमूळ नसतं. बुंध्यापासून चहूकडे तंतुमुळं पसरतात, बहुतेक दोन मीटरच्या आत, आणि अन्न शोषतात ती टोकांकडच्या कोवळ्या भागातून. म्हणून खत बुंध्याला चिकटून नाही, सहा फुटांच्या आळ्यात पसरायचं.

हे मला गेल्या वर्षी बॉटनीच्या प्रोजेक्टसाठी वाचताना कळलं. मोठ्या माडाला वर्षाला 500 ग्रॅम नत्र, 320 ग्रॅम स्फुरद आणि 1200 ग्रॅम पालाश द्यायची शिफारस आहे. म्हणजे सगळ्यात जास्त पालाश, आणि तेच आम्ही दिलं नव्हतं. पालाश कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं काढून नव्या पानांना देतं. खालच्या झावळ्या पिवळ्या पडतात, टोकं करपतात. आमच्याही पडल्या होत्या, पण 'म्हाताऱ्या झाल्या' म्हणून आम्ही सोडून दिलं.

आणि मीठ? माडाला क्लोरिनही लागतं. फिलिपाइन्समध्ये माडांना खत म्हणून साधं मीठ देतात. आजीला सांगितलं तर म्हणाली, "मग इतकी वर्षं मी काय सांगतेय?"

पण मला गप्प केलं ते दुसऱ्याच आकड्याने. पोय उमलण्याच्या सुमारे 32 महिने आधी तिचा अंकुर माडाच्या शेंड्यात धरलेला असतो. उमलल्यावर नारळ पिकायला आणखी जवळजवळ वर्ष. खताचा थोडा गुण आधी दिसतो, पण खरा हिशोब तीनेक वर्षांनी. आणि बाबा आठ-दहा महिन्यांनी येऊन निकाल बघत होते!

आता त्यांना माड तोडून तिथे पर्यटकांसाठी भाड्याच्या खोल्या काढायच्या आहेत. फोनवर तसं म्हणाले. मी भांडले नाही. सप्टेंबरात पावसाचा जोर ओसरल्यावर सहा माडांना आळी करून तिन्ही खतं घातली, पाच तसेच ठेवले. (आजीने मागाहून गुपचूप कुठल्या कुठल्या माडाला मीठ घातलं, ती सांगत नाही. प्रयोगाची वाट!) पाडेली आला की प्रत्येक माडाचे नारळ वेगळे मोजून वहीत लिहिते.

बाबा मे महिन्यात येतील. तोवर वहीत आठच महिने भरलेले असतील.