खिद्रापूरचा देव, येडूरचा नंदी

माझी आत्या लग्न होऊन हैदराबादच्या नल्लकुंट्यात गेली, त्याला पन्नास वर्षे झाली. तेलुगूत नल्ल म्हणजे काळे आणि कुंटा म्हणजे तळे. आपल्या कन्नडातही कुंटे आहेच. आता तिथे शंकर मठ, फिव्हर हॉस्पिटल आणि वाहनांची गर्दी. यंदा ती नातवाला घेऊन माहेरी आली, ती एकच हट्ट धरून : खिद्रापूरचा कोपेश्वर आणि येडूरचा नंदी एकाच दिवशी पाहायचे.

खिद्रापूर हे शिरोळ तालुक्याच्या टोकाचे, कृष्णाकाठचे गाव. चोहीकडे ऊस. २०१९ च्या महापुराने या गावाचे फार हाल केले; तेव्हा पावसाळा टाळूनच जावे. मंदिर शिलाहारांच्या काळातले, बाराव्या शतकातले. स्वर्गमंडपात पाऊल टाकले की माणूस आपोआप गप्प होतो. ४८ खांब, मधोमध छत मोकळे, आणि त्या गोल आभाळाखाली तेवढीच गोल शिळा. तिच्यावरून ऊन सरकताना पाहत आम्ही बराच वेळ बसलो. मार्गदर्शकाची घाई इथे करू नये.

गाभाऱ्यात कोपेश्वर आणि त्याची समजूत काढणारा विष्णू, धोपेश्वर. समोर नंदी मात्र नाही. सती त्याच्यावर बसून दक्षाच्या यज्ञाला गेली, आणि तो तिकडे येडूरलाच राहिला, अशी कथा. येडूरचा वीरभद्र आपल्यापैकी कित्येकांना ठाऊक आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत येडूर म्हैसूर राज्यात गेले, खिद्रापूर मुंबई राज्यात राहिले. त्याच वर्षी हैदराबाद राज्याचेही भाषेवरून तीन वाटे झाले. आत्याला हे समजावून सांगावे लागले नाही.

दक्षिण दाराजवळ यादव सिंघणाचा संस्कृत लेख देवनागरीत आहे. मंदिरातले बाकीचे लेख कन्नड. नातू इंग्रजी आणि तेलुगू शिकलेला, मराठी अडखळत बोलणारा. जुन्या कन्नड लेखापुढे तो थबकला. "आजी, हे आपलंच अक्षर आहे की!" म्हणत त्याने बोट न लावता तीन-चार अक्षरे लावली. त्या काळी तेलुगू-कन्नडची लिपी जवळजवळ एकच होती. आत्या त्याच्याकडेच पाहत राहिली.

येडूरला पोहोचेपर्यंत दुपार कलली होती. खिद्रापूरच्या देवापुढचे बेलाचे पान तिने रुमालात जपून आणले होते. "बसवण्णा, निन्न यजमानर कळिस्यार," असे म्हणत तिने ते नंदीपुढे ठेवले.