उशिरा आलेल्यांची शाळा

मार्च लागला की आमची शाळा सकाळची होते. सातला घंटा, साडेअकराला सुट्टी. वर्गांवर पत्रे आहेत, त्यामुळे साडेदहानंतर मुले फळ्याकडे कमी आणि दाराबाहेरच्या माठाकडे जास्त बघतात. गावाला वाटते, आता वर्ष संपलेच. एप्रिलात परीक्षा होतील, १ मे रोजी झेंडावंदन झाले की निकाल हातात पडेल, मग जूनपर्यंत सुट्टी. आम्हा शिक्षकांसाठी मात्र हेच सहा-सात आठवडे वर्षातले सर्वांत धावपळीचे असतात. कारण ऊसतोडीला गेलेली लेकरे याच दिवसांत शाळेत परत येतात.

महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांना हे थोडे उलगडून सांगायला हवे. अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा, आणि त्याला लागून असलेला बीड, इथल्या कोरडवाहू भागातली हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक 'कोयता' म्हणतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, कधी थेट कर्नाटकातले कारखाने. तिथे फडाजवळ कोपी घालून राहायचे आणि पहाटे अंधारात कामाला लागायचे. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की उन्हाळ्याच्या तोंडावर गाड्या गावाकडे फिरतात. ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत त्यांची मुले गावात राहतात. काहींची सोय हंगामी वसतिगृहात होते. बाकीची आईबापांबरोबर जातात. त्यातही थोरली मुलगी असेल तर धाकट्या भावंडाला सांभाळायला ती हवीच असते.

आमची शाळा मिशनची; पहिली ते चौथी, मराठी माध्यमाची. नगर भागात अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ सालापासूनचे. मिस सिंथिया फॅरार यांनी नगरला चालवलेली मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली होती, आणि मग १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू केली. असा हा जुना वारसा. आज आमच्या पटावर ख्रिस्ती मुले थोडी आहेत. बहुतेक हिंदू आणि बौद्ध, काही मुसलमान. रविवारी चर्चला जाणारी आणि शुक्रवारी मशिदीत जाणारी मुले एकाच बाकावर बसून चिंचा खातात.

उन्हाळ्यातला आमचा आठवडा सोमवारच्या परिपाठापासून सुरू होतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना. रांगा लागल्या की मी आधी रांगेच्या टोकाकडे बघते. परत आलेले मूल नेहमी शेवटी उभे राहते. उंची वाढलेली, गणवेश आखूड झालेला, हातांवर उसाच्या पाचटाचे ओरखडे. आम्ही कुणाला "इतके दिवस कुठे होतास?" असे सगळ्यांसमोर विचारत नाही. हजेरी घेतो. त्याचे नाव जिथे होते तिथेच असते, आणि "हजर" म्हणताना त्याचा आवाज जरा जास्तच मोठा निघतो.

गेल्या वर्षी एक वडील मुलीला घेऊन आले ते फाटकाशीच थांबले. "बाई, पोरीचं नाव हाये का पटावर, का काढलं?" मी म्हटले, "आहे की. आत या." ते आत आले नाहीत, मुलगी आली. तिसरीतली. दसऱ्यानंतर गेली होती, पाच महिन्यांनी परत येत होती. दीड वर्षाच्या भावाला कडेवर घेऊन हंगाम काढलेला, त्यामुळे बसताना एका बाजूला कलून बसायची.

मंगळवार वाचनाचा. तिच्यासमोर तिसरीचे पुस्तक ठेवले तर तिने चित्रे बघून पाने उलटली. अक्षरे विसरली होती. अशा मुलाला पुन्हा 'अ'पासून बसवले की वर्गातली बाकीची हसतात आणि ते मूल आठवडाभरात यायचे बंद होते. म्हणून आम्ही वेगळी वाट धरतो. तिला विचारले, "कारखान्यावर कुठल्या पाट्या होत्या?" तिला दोन पाट्या नीट आठवत होत्या : 'वजनकाटा' आणि 'पिण्याचे पाणी'. तिने त्या वाचलेल्या नव्हत्या, पण कुठली पाटी कशाची हे तिला पक्के ठाऊक होते. त्याच मी फळ्यावर लिहिल्या आणि एकेक अक्षर सुटे केले. पाणीमधला प, काटामधला क, वजनमधला ज. पहिल्या आठवड्यात तिची सात-आठ अक्षरे जाग्यावर आली. जोडीला चौथीतली एक मुलगी दिली. दोघींनी मिळून रोज एक पान वाचायचे, अडले तर मोठीने सांगायचे, पण तिच्या आधी वाचायचे नाही. हा नियम मोठीला फार जड गेला.

साडेनऊच्या सुमाराला खिचडी. सरकारी हिशेबात प्राथमिकच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ. परत आलेली मुले पहिले काही दिवस फार भरभर जेवतात. मग हळूहळू त्यांचा वेग इतरांसारखा होतो. हे कुठल्या प्रगतिपुस्तकात लिहायला जागा नसते, पण आम्ही मनात नोंद करतो.

बुधवारी शेवटच्या तासाला गोष्ट. बायबलमधली असते, कधी इसापची, कधी संतांची. राज्यघटनेच्या २८व्या कलमानुसार सरकारमान्य शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही, म्हणून हा तास ऐच्छिक आहे. ज्यांना नको त्यांनी व्हरांड्यात चित्रे काढावीत. पण गोष्टीला सगळेच येतात. व्हरांड्यात ऊन असते, हेही एक कारण असेल.

त्या बुधवारी मी द्राक्षमळ्याच्या मालकाची गोष्ट सांगितली. मत्तयाच्या शुभवर्तमानातली आहे. मालक पहाटे बाजारात जाऊन मजूर आणतो, दिवसाची मजुरी ठरवतो. पुन्हा नऊला जातो, बाराला जातो, तीनला जातो. अगदी दिवस मावळायला एक तास उरला असताना जातो, तेव्हाही काही माणसे रिकामी उभी असतात. त्यांनाही कामाला लावतो. संध्याकाळी मजुरी वाटताना सगळ्यांना सारखीच देतो. पहाटेपासून राबलेले चिडतात.

आमच्या वर्गातलेही चिडले. "बाई, हे बरोबर नाही!" पहिल्या बाकावरचा एक जण उभाच राहिला. वर्षभर एकही दिवस न चुकवणारा मुलगा तो. "आम्ही रोज यायचं आणि..." एवढे बोलून तो थांबला. त्याने मागे बघितले नाही, पण वर्गाने बघितले. मागच्या रांगेत त्या आठवड्यात परत आलेली पाच मुले बसली होती. शाळेतली गोष्ट एकदम शाळेचीच झाली.

मी काही बोलायच्या आत ती तिसरीतली मुलगी म्हणाली, "पन बाई, त्यांना सकाळी कुनी बोलावलंच नव्हतं ना?"

मूळ गोष्टीत हेच आहे. मालक त्या माणसांना विचारतो, दिवसभर का उभे आहात, तर ती सांगतात, आम्हाला कुणी कामावर घेतले नाही. मी ही गोष्ट कितीतरी वेळा सांगितली आहे, आणि माझा भर नेहमी मालकाच्या उदारपणावर असायचा. त्या मुलीचे लक्ष बाजारात उभ्या राहिलेल्यांकडे गेले. मजुरीला माणसे कशी घेतात, कोणाला घेतात, कोण मागे राहतो, हे तिने पाहिलेले आहे. पहिल्या बाकावरचा मुलगा थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मग ठीक आहे." लहान मुले वाद इतक्या सहज मिटवतात.

गुरुवारी गणित. परत आलेल्या मुलांना वाचन येत नसले तरी आकड्यांशी त्यांची ओळख असते. त्या मुलीच्या वडिलांकडे काट्याच्या पावत्या होत्या. मागितल्यावर त्यांनी एक जुनी पाठवली. अशा पावतीवर तीन आकडे असतात : भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, आणि दोन्हींतला फरक म्हणजे उसाचे निव्वळ वजन. तिच्या पावतीवर २१,४६० किलोंतून ८,७८० गेले होते आणि १२,६८० उरले होते. तिसरीच्या पुस्तकात वजाबाकी तीन अंकांची. ही पाच अंकांची. सगळा वर्ग पाट्या घेऊन बसला. हातचा तीनदा घ्यावा लागतो आणि नेमके तिथेच सगळे अडतात. ती अंक लिहायला अडखळत होती, पण एक टन म्हणजे हजार किलो हे तिने सगळ्यांना समजावून सांगितले. त्या दिवशी प्रथमच ती मधल्या बाकावर बसली.

शुक्रवार स्वच्छतेचा आणि झाडांचा. हात धुतलेले पाणी कडुनिंबाच्या रोपांना जाते, फुटक्या मडक्यांच्या खापरांत पाखरांसाठी पाणी भरले जाते. शनिवारी गाणी आणि प्रकट वाचन : आठवड्यात जे जमले ते पहिलीच्या मुलांसमोर वाचून दाखवायचे. पहिलीची मुले चुका काढत नाहीत, म्हणून श्रोते म्हणून ती उत्तम.

याच आठवड्यांत झावळ्यांचा रविवार, गुड फ्रायडे आणि ईस्टर येतात. त्याच सुमाराला गुढीपाडवा, आंबेडकर जयंती, कधी रमजान ईद. सुट्ट्या इतक्या की शिकवायचे दिवस बोटांवर मोजावेत. बाहेरचे लोक विचारतात, एवढ्याशा दिवसांत त्या मुलांचे काय होणार? कशाला धडपड, चौथीपर्यंत तर कुणी नापास होतच नाही.

खरा प्रश्न तिथेच आहे. शिक्षण हक्काच्या कायद्याने लहान वर्गांत मुलाला मागे ठेवता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षेची अट परत आली आहे. नापास झाले तर पुन्हा एक संधी, तीही हुकली तर त्याच वर्गात. दरवर्षी पाच महिने ऊसफडात काढलेले मूल आमच्याकडून चौथी उत्तीर्ण होऊन जाते आणि दुसऱ्या शाळेत, अनोळखी शिक्षकांसमोर, पाचवीत अडकते. मुलगी असेल तर घरचे म्हणतात, राहू दे आता. पुढचा कोयता तयार होतो तो असा. म्हणून मार्च-एप्रिलचे हे आठवडे आम्ही सोडत नाही. एवढ्यात सगळे शिकवून होत नाही. पण मूल वाचायला लागले तर पुढच्या हंगामात फडावरही पुस्तक नेऊ शकते, आणि घरच्यांना त्याला मागे ठेवायला एक कारण मिळते.

१ मे रोजी निकाल घ्यायला त्या मुलीची आई आली, आजीही आली. मुलीने प्रगतिपुस्तकावरचे स्वतःचे नाव वाचले, मग आईचे वाचले. आई म्हणाली, "माझं बी नाव असतंय व्हय यात?" मी आजींना म्हटले, "आजी, यंदा हिला तुमच्याजवळ ठेवाल का? शाळा आहे, खिचडी आहे, संध्याकाळी आम्ही अभ्यासाला बसवतो." आजी म्हणाल्या, "मी ठिवीन वो बाई, पन बारकं पोरगं कुनी धरायचं?" याला माझ्याकडे सोपे उत्तर नव्हते. धाकट्यालाही मागे ठेवता येईल का, गावातल्या अंगणवाडीत त्याला घेतील का, हंगामी वसतिगृहाची यादी कधी होते, असे बोलणे बराच वेळ चालले. शेवटी आई म्हणाली, "बघू दसऱ्याला."

'बघू' म्हणजे नकार नाही, एवढे इतक्या वर्षांत मला कळले आहे. पण होकारही नाही.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ती पहिल्या दिवशी आली, चौथीच्या वर्गात. भाऊ बरोबर होता. त्याला आम्ही अंगणवाडीच्या ताईंकडे नेऊन सोडले. तो रडला, मग थांबला. ती आता जोडाक्षरे सोडून बाकीचे वाचते. भागाकाराचे दिवस तिने फडात काढले, त्यामुळे तो अजून कच्चा आहे. दसरा चार महिन्यांवर आहे. तेवढ्यात भागाकार होतो.