मोडीत न धरलेली घडणावळ

पुसद-दिग्रस भागातल्या बंजारा तांड्यांवर लग्न झालेल्या बाईची खूण म्हणजे कानशिलावर लोंबणारी चांदीची टोपली-घुगरी. माझ्या दादीची जोडी एका दुष्काळात मोडीत गेली. सराफानं चांदीचे पैसे दिले, घडणावळीचे नाही. मोडीत कारागिरीला भाव नसतोच.

ती घडणावळ म्हणजे काय, हे आता माझ्या हातांना कळतंय. दिग्रसला एका सोनारकाकांकडे मी चांदीकाम शिकतेय. जंतर म्हणजे भोकांची पोलादी पट्टी. एकाहून एक लहान भोकांतून तार ओढायची. ओढून ओढून चांदी कडक होते, मग तुटते. “ताप दे तिले, मंग आयकते,” काका म्हणतात. मंद लाल होईस्तोवर तापवली की ती पुन्हा मऊ.

शुद्ध चांदी 961 अंश सेल्सिअसला वितळते. तारेचे बारके तुकडे कोळशावर ठेवून ज्योत मारली की आपोआप गोल मणी होतात. टाकणखार लावून एकेक मणी झाळून जोडायचा. ज्योत क्षणभर जास्त थांबली, तर सगळ्या नक्षीचा गोळा.

काल संध्याकाळभरात अकरा मणी बसले. काट्यावर त्यांचं वजन एक ग्रॅमही भरलं नाही. हल्ली तांड्यावर कुणी घुगरी मोडायला निघालं, की मी ती आधी मागून घेते, फोटो काढते आणि मणी मोजते.