खुराडं

आमच्या कोंबड्या आमच्याकडं झोपत नव्हत्या. दाणा आमचा, पाणी आमचं, अंडी बहुतेक आमच्या अंगणात. पण दिवस कलला की एकेक फडफडत भिंतीवर आणि भिंतीवरून पलीकडच्या वाडीतल्या आंब्यावर. सहा कोंबड्या आणि एक कोंबडा. पहाटे चारला कोंबडा तिथूनच बांग द्यायचा. शिव्या भिंतीवरून आमच्या दारात यायच्या.

भिंतीच्या अलीकडं बौद्धवाडा, पलीकडं वाडी. पनवेलची 2016 साली महानगरपालिका झाली, 2025 मध्ये विमानतळ सुरू झालं. ही भिंत मात्र आहे तिथंच आहे.

अंधार पडला की कोंबडीला दिसत नाही. झाडावरनं उतरवायला ती वेळ सोपी. पायाखाली हात घातला की गपगुमान हातात येते. सोपी ती कोंबडीला. मला नाही. रात्री बॅटरी घेऊन दुसऱ्याच्या वाडीत शिरलेला बौद्धवाड्यातला माणूस, काखेत कोंबडी. कोंबडी माझी आहे हे सांगायला कोंबडी काय तोंड उघडणार? दोनदा विचारून गेलो. तिसऱ्यांदा वाडीवाले पायरीवरूनच बोलले, "तुमच्या लोकांना घरात राहायची सवयच नाय. ना तुमच्या कोंबड्यांना." वर म्हणाले, रोग आला तर जबाबदार कोण? 2025 च्या जानेवारीत उरणच्या चिरनेरला बर्ड फ्लू निघाला होता. तिथं घरामागच्या पाळलेल्या कोंबड्याही माराव्या लागल्या. भीती खोटी नव्हती. पण तिच्या आधीचं वाक्य मला रात्रभर टोचत राहिलं.

आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तुझी आजी डालगं उशाला घेऊन झोपायची. मुंगसाची भीती नव्हती तिला. गावात सायेब उतरला की लाकडं, गवत, पानी आनायचं आपल्याच मानसांनी. आनि कोंबडी पन आपल्याच दारची. पैसं कसलं मागतोस!" महारवतन 1958 च्या कायद्यानं गेलं. आजीची सवय गेली नाही. मरेपर्यंत तिच्या खोलीत कोंबड्यांचा वास होता. आम्ही पोरं नाक धरायचो, आता त्याची लाज वाटते.

मग आई म्हणाली, "खुराड्यात काय हाय ते बघितलंस का कधी? का नुसतं कोंबड्यांना बोलतोस?"

नव्हतं बघितलं. फळांच्या जुन्या खोक्यांचं खुराडं मीच ठोकलं होतं आणि माझा त्यावर गर्व होता.

त्या रात्री दहाला बॅटरी घेऊन गुडघ्यावर बसलो. आत नाक झोंबलं. वारा शिरायला जागाच नव्हती. विष्ठेची वाफ आतल्या आत. बसायला मी लोखंडी नळी टाकलेली, गुळगुळीत, पायाला पकड नाही. आणि तीही अंड्याच्या खोक्यापेक्षा खाली. कोंबडी मुळात रानातली, झाडावर रात्र काढणारी. तिला आतल्या सगळ्यात उंच जागी बसायचं असतं. मग फळीच्या फटीवरनं पांढरं फडकं फिरवलं. फडकं लाल झालं. बारीक किडे, टाचणीच्या डोक्याएवढेही नाहीत. दिवसा फटीत दडतात, रात्री बाहेर येऊन झोपलेल्या कोंबडीचं रक्त पितात. उपाशी राहिले तरी महिनोन्महिने जगतात. दिवसा डोकावणाऱ्याला खुराडं स्वच्छ दिसतं.

कोंबड्यांना सवय नव्हती म्हणे.

दुसऱ्या दिवशी रविवार. भुसा काढून जाळला. उकळतं पाणी ओतलं. फटीफटीत दाट चुना भरला, आठ दिवसांनी पुन्हा भरला, कारण अंड्यातनं नवे निघतात. नळी काढून दोन बोटं रुंदीची लाकडी पट्टी ठोकली, कडा घासून, कमरेएवढ्या उंचीवर. अंड्याची खोकी खाली घेतली. वर छपराखाली जाळी. अंगणात राखेचा खड्डा, अंग लोळवायला. मग सहा दिवस सगळ्यांना आत कोंडलं, दाणापाणी आतच. आईला ते आवडलं नाही. सातव्या दिवशी दिवस मावळायच्या तासभर आधी सोडलं. डिसेंबरात इथं सहाच्या सुमाराला सूर्य जातो, जूनमध्ये सव्वासातला. कोंबडी घड्याळ बघत नाही, उजेड बघते. काळ्या भोकात ती शिरत नाही, म्हणून आत बारका बल्ब लावला. दाणे आत टाकले, "ती ती ती" केलं. एकेक आत गेली. सगळ्या आत बसल्यावर बल्ब घालवला.

आता पाच कोंबड्या आणि कोंबडा आत झोपतात. कोंबडा आतनं आरवतो, आवाज कमी जातो. वाडीवाले काही बोललेले नाहीत. चांगलं नाही की वाईट नाही.

एक काळी तलंग मात्र अजून आंब्यावर जाते. तिला पकडायची वेळ रोजची. मी भिंतीजवळ जातो. आधी मोठ्यानं स्वतःचं नाव सांगतो, मग आडनाव, मग कशासाठी आलो ते. मग बॅटरी लावतो.