भोंगा बोलतो, लिनिया ऐकते

गॅरेजचं दार वर सरकतं आणि आतून प्रचाराची गाडी बाहेर पडते. टपावर भोंगे, भोंग्यांतून उमेदवाराचा आवाज. रॉबर्ट ऑल्टमनच्या 'नॅशव्हिल'ची (1975) सुरुवात अशी आहे. पुढचे दोन तास चाळीस मिनिटं ही गाडी टेनेसी राज्यातल्या त्या गाण्याच्या शहरात फिरत राहते. चर्चवर कर लावा, अमेरिकन काँग्रेसमधून वकिलांना बाहेर काढा, राष्ट्रगीत बदला, असं बरंच काही हॅल फिलिप वॉकर सांगत असतो. त्याचा चेहरा मात्र एकदाही दिसत नाही. ही भाषणं लिहिली आणि त्यांना आवाजही दिला तो मिसिसिपीचे कादंबरीकार थॉमस हॅल फिलिप्स यांनी. राजकारण त्यांनी जवळून पाहिलेलं होतं, म्हणूनच ती भाषणं ऐकताना कुणीतरी खरंच निवडणुकीला उभं आहे असं वाटत राहतं.

कंट्री संगीत आणि राजकारण यांची सोयरीक काही ऑल्टमननं लावलेली नाही. लुईझियानात जिमी डेव्हिस हा गायक दोनदा गव्हर्नर झाला. नॅशव्हिलचा लाडका रॉय अकफ 1948 मध्ये टेनेसीच्या गव्हर्नरपदासाठी उभा राहिला आणि हरला. मार्च 1974 मध्ये 'ग्रँड ओल ऑप्री' हा गाण्याचा प्रसिद्ध कार्यक्रम जुन्या रायमन सभागृहातून नव्या वास्तूत गेला, तेव्हा उद्घाटनाला राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन आले होते. वॉटरगेट प्रकरणाचा फास आवळत चाललेला, आणि हा माणूस मंचावर पियानो वाजवत होता. त्याच उन्हाळ्यात ऑल्टमनचं युनिट नॅशव्हिलमध्ये चित्रीकरण करत होतं. ते सुरू असतानाच निक्सन यांनी राजीनामा दिला.

चित्रपटात चोवीस प्रमुख पात्रं आहेत. नायक असा कुणीच नाही. पटकथा जोन ट्यूक्सबरीची. ऑल्टमननं तिला आधी नॅशव्हिलला पाठवलं, पाहशील ते टिपून ठेव म्हणून सांगितलं. हमरस्त्यावर अडकून पडलेल्या गाड्यांचा चित्रपटातला प्रसंग तिच्या स्वतःच्या अनुभवातून आला. गाणी बहुतेक नटांनी स्वतःच लिहिली, हे नॅशव्हिलच्या व्यावसायिकांना फारसं रुचलं नाही. ध्वनिमुद्रणाची तऱ्हाही वेगळी होती. नटांच्या अंगावर छोटे मायक्रोफोन, प्रत्येकाचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर. त्यामुळे गर्दीच्या दृश्यात चार जण एकाच वेळी बोलतात आणि कुणाकडे कान द्यायचा हे प्रेक्षकानं ठरवायचं असतं.

आणि सगळा चित्रपट याच एका गोष्टीभोवती फिरतो: कोण कुणाचं ऐकतं?

बीबीसीची म्हणवणारी ओपल (जेराल्डिन चॅप्लिन) टेपरेकॉर्डर घेऊन गावभर हिंडते. मोठ्या गायकाचा बुजरा मुलगा बड तिच्या शेजारी बसून, हळू आवाजात, स्वतःचं गाणं म्हणू लागतो. तेवढ्यात तिला समोर नट एलियट गूल्ड दिसतो आणि ती उठून चालू पडते. गाणं अर्ध्यावरच राहतं.

स्युलीन गे (ग्वेन वेल्स) विमानतळावरच्या खानावळीत वेट्रेस आहे. तिला गाता येत नाही, आणि हे तिला एकटीलाच ठाऊक नाही. वॉकरच्या निधीसाठी पुरुषांची मैफल भरते, तिथं ती मोठ्या हौसेनं गायला उभी राहते. समोरच्यांना गाणं नको असतं. कपडे उतरवलेस तर थोर गायिका बार्बरा जीनबरोबर गायला मिळेल, असं आमिष प्रचाराची माणसं तिला दाखवतात. स्युलीन ब्लाउजच्या आत ठासलेले मोजे बाहेर काढून फेकते. त्या मोज्यांइतकं केविलवाणं दृश्य अमेरिकन चित्रपटात क्वचितच सापडेल. आरशासमोर उभं राहून, बिचारीनं केवढ्या तयारीनं ते आत घातले असतील! कबूल केलेलं गाणं तिच्या पदरात पडत नाही ते नाहीच.

या मैफलीच्या आयोजकांपैकी डेलबर्ट हा वकील. त्याच्या बायकोचं नाव लिनिया. ती कृष्णवर्णीयांच्या गॉस्पेल वृंदात गाते आणि तिची दोन्ही मुलं कर्णबधिर आहेत. जेवणाच्या टेबलाशी मुलगा पोहण्याच्या वर्गात काय घडलं ते हातांनी सांगत असतो. लिनियाची नजर त्याच्यावरून हलत नाही. डेलबर्ट तिथंच बसलेला असतो, पण त्याला पोराचे हात वाचता येत नाहीत. पोरगा काय म्हणतोय, हे त्याला बायकोला विचारावं लागतं. इतक्या गोंगाटाच्या चित्रपटात खऱ्या अर्थानं ऐकलं जातं ते इथं, डोळ्यांनी.

लिनिया साकारणाऱ्या लिली टॉमलिनचा हा पहिलाच चित्रपट. 'एक्झिट/इन' क्लबात टॉम (कीथ कॅराडीन) गिटार घेऊन गातो, तेव्हा समोर बसलेल्या चौघींनाही वाटतं की गाणं आपल्यासाठीच आहे. लिनिया सर्वांत मागे, भिंतीला टेकून. कॅमेरा हळूहळू तिच्या चेहऱ्याकडे सरकतो. ती जागची हलत नाही, हसत नाही, फक्त ऐकते. अभिनय शिकणाऱ्यांनी हे दृश्य पुन्हा पुन्हा पाहावं.

शेवट होतो पार्थेनॉनसमोर. अथेन्सच्या मंदिराची ही पूर्ण आकाराची प्रतिकृती नॅशव्हिलनं 1897 च्या प्रदर्शनासाठी उभारली. खांबांवर वॉकरचा फलक लटकतोय, वर भलामोठा अमेरिकन ध्वज. बार्बरा जीन (रॉनी ब्लेकली) जीव ओतून गाते आणि गर्दीतला एक शांत तरुण व्हायोलिनच्या पेटीतून पिस्तूल काढतो. त्याचा राग कशावर, हे चित्रपट सांगत नाही. हे (केनेडींची हत्या झाली ते) डॅलस नव्हे, गा कुणीतरी, असं दंडाला गोळी लागलेला, बडचा गायक बाप हेवन हॅमिल्टन ओरडतो. पाच दिवस संधीसाठी वणवण केलेल्या एका पोरीच्या हातात माइक येतो. ती गाते, लोक तिच्यासोबत गाऊ लागतात आणि वॉकर मंचावर न येताच निघून जातो. या गोळीवर पुष्कळ लिहिलं गेलंय. लिनियाच्या टेबलाबद्दल त्यामानानं कमी, आणि ते टेबलच या चित्रपटाची खरी दौलत आहे.

लिनियाची भूमिका मुळात लुईझ फ्लेचर या अभिनेत्रीला डोळ्यांसमोर ठेवून घडत गेली होती. तिचे आईवडील दोघंही कर्णबधिर होते. पुढे भूमिका टॉमलिनकडे गेली. 29 मार्च 1976 च्या ऑस्कर सोहळ्यात 'नॅशव्हिल'ला पाच नामांकनं होती आणि पुरस्कार मिळाला एकच, कॅराडीनच्या क्लबातल्या त्या गाण्याला. त्याच रात्री 'वन फ्लू ओव्हर द कुकूज नेस्ट'साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर घ्यायला लुईझ फ्लेचर मंचावर आली, आणि भाषण संपवताना तिनं आपल्या आईवडिलांचे आभार हातांच्या खुणांनी मानले.