खडखड की खुळखुळ?

२०२४ च्या डिसेंबरात आमच्या गल्लीला पहाटे साडेपाचला जाग येई ती कोंबड्याने नव्हे, माझ्या गाडीने. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी न्यावे लागते आणि त्यांची पाळी सकाळी सहाची. अनगोळात त्या दिवसांत पहाटे चांगलीच थंडी असते. किल्ली फिरवून इंजिन सुरू होताच बॉनेटखालून असा काही कल्लोळ उठे, की समोरच्या घरातला दिवा लागे. चारपाच सेकंदांत तो आपोआप शमे आणि गाडी साळसूदपणे रस्त्याला लागे. मला मात्र इस्पितळ येईपर्यंत चैन नसे. आप्पांची एक पाळी चुकली तर काय होते, हे आम्ही एकदा पाहिले होते.

शहरातल्या एका गॅरेजात गाडी दाखवली. तिथे पोचेपर्यंत इंजिन तापलेले. आवाज अर्थातच नाहीसा झालेला. तिथल्या तरुणाने विचारले, "सर, आवाज कसला येतो?" मी उत्तरलो, "मोठा येतो." मराठी विषय घेऊन एम. ए. झालेल्या मुख्याध्यापकाचे हे उत्तर! त्याने निदान सांगितले: टायमिंग चेन सैल झाली आहे, इंजिन उघडावे लागेल, खर्च बावीस हजार. पुढच्या सोमवारी गाडी आणून सोडतो, असे कबूल करून मी परतलो.

रात्री जेवताना ही हकीकत आप्पांच्या कानावर घातली. कानावर म्हणजे अक्षरशः, कारण त्यांच्या उजव्या कानाशी मोठ्याने बोलल्याशिवाय त्यांना ऐकू येत नाही. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात तीस वर्षे लेथवर काढली, त्याची ही मिळकत. रोज त्याच गाडीत बसूनही तो आवाज त्यांना नीट उमगला नव्हता.

"कसला आवाज ते सांग की," ते म्हणाले.

"मोठा आहे, आप्पा."

"मोठा-लहान ठेव बाजूला. खडखड, किरकिर, फुसफुस, यातला कुठला?"

मी गप्प झालो. अनुकरणवाचक शब्द मी कैक वर्षे मुलांना शिकवत आलो. रिमझिम, किलबिल, कडकडाट ही नेहमीची उदाहरणे फळ्यावर लिहायची आणि पुढच्या धड्याकडे वळायचे. या शब्दांवर कुणाची रोजीरोटी चालते, हे ध्यानात आले नव्हते. आप्पा सांगू लागले. किरकिर असेल तर पट्टा. त्यावर थोडे पाणी शिंपडून आवाज बदलला, तर शंकाच नको. फुसफुस असेल तर धूर बाहेर नेणाऱ्या नळीच्या सांध्यातून गळती; धातू तापून फुगला की ती कमी होते, पण त्याला सेकंद नव्हे, मिनिटे लागतात. करकर असेल तर स्टार्टरचे दाते. किल्ली सोडली की ती थांबते. "आणि नुसता आवाज ऐकू नकोस," ते म्हणाले, "तो कधी येतो आणि कधी जातो, ते लिहून ठेव."

मी शाळेची जुनी वही घेतली. रात्रभर उभी: चार सेकंद. दुपारी, दोन तासांनंतर: आवाज नाही. दोन दिवस उभी राहिल्यावर: सात सेकंद. शब्दही अखेर सापडला. ती खडखड नव्हती. पत्र्याच्या डब्यात साखळी टाकून हलवावी तशी खुळखुळ होती. आणखी एक गोष्ट दिसली, जी इतके दिवस डोळ्यांसमोर असून दिसली नव्हती: तेलाचा तांबडा दिवा आवाजाबरोबरच विझत होता. एरवी तो सेकंद-दोन सेकंदांत मालवायला हवा.

आप्पांनी वही दोनदा वाचली. "साखळी बोलते, पण दोष तिचा नाही. तेल खाली उतराय लागलंय."

माझ्या गाडीत साखळीला ताण देणारा भाग तेलाच्या दाबावर चालतो. इंजिन थांबले की तेल तळाशी उतरते, पण फिल्टरमधले तेल तिथेच थांबावे म्हणून त्यात रबराची एक पातळ झडप असते. फिल्टर आडवा बसवलेला असला तर ती विशेष गरजेची. झडप निकामी झाली की फिल्टर रात्रभरात रिता होतो. सकाळी पंप आधी तो भरतो, मग दाब तयार होतो आणि तोवर साखळी सैल हेलकावे खाते. (दिवा विझलाच नाही किंवा धावत्या गाडीत लागला, तर इंजिन तत्काळ बंद करावे, तिथे वहीत नोंदी करीत बसू नये.)

मग मला आठवले. ऑक्टोबरात तेल बदलताना सत्तर-ऐंशी रुपये वाचावेत म्हणून मीच एक बिननावाचा फिल्टर पसंत केला होता.

तेलही बदलून टाकू का, असे विचारले तेव्हा आप्पा चिडले. "दोन्ही एकदम बदललंस, तर खोड कुणाची होती ते कळणार कसं?" रविवारी ते अंगणात खुर्ची टाकून बसले. त्यांनी सांगायचे आणि मी करायचे. नव्या फिल्टरच्या रबरी कड्याला तेल चोळले, हाताने घट्ट बसवला, सांडले तेवढे तेल पट्टीवर पाहून भरले. जुना फिल्टर आप्पांनी मांडीवर घेतला आणि भोकातून पेचकसाचे टोक आत घालून झडप दाबून पाहिली. रबर लाकडासारखे ताठ झाले होते. नंतर खूप वेळ ते काही बोलले नाहीत. फिल्टर मात्र हातातच होता.

गॅरेजला येत नसल्याचे कळवले. मंगळवारी पहाटे आप्पा गाडीत बसायच्या आधी पुढे येऊन उभे राहिले आणि त्यांनी बॉनेटवर तळहात टेकला. मी किल्ली फिरवली. तांबडा दिवा लगेच विझला. समोरचे घर अंधारातच होते.

"आता कसला?" त्यांनी विचारले.

मी काच खाली करून थोडा वेळ ऐकत राहिलो. मग उतरून त्यांच्या उजव्या कानाशी जाऊन म्हणालो, "गुणगुण."